गावाचं डोकं उगवतीला

हौसा गेली त्या दिवशी लोकांनी तिला उत्तरेला डोकं करून निजवलं, आणि मला आप्पांची आठवण झाली. बायको समोर निजवलेली आणि माणसाला बापाचं जुनं बोलणं आठवावं, हे बरं दिसत नाही. पण आठवलं ते आठवलं. "उत्तरेला डोकं मड्याचं असतंय," असं आप्पा म्हणाले होते. माझं लग्न व्हायच्या आधी, घोंगडीवर पसरलेल्या एका नकाशासमोर बसून म्हणाले होते, आणि त्या एका बोलण्यापायी हौसा माझ्या हातून जायची वेळ आली होती. थोडक्यात राहिली. तेव्हा राहिली ती आता ह्या थंडीत गेली. मधली सगळी वर्षं तुम्हाला मिळाली, हे काय कमी आहे, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातंय म्हणायला.

नातवाचं लग्न ठरलंय. पोरगी पुण्याची, तन्वी नाव. तिचं काम असं की जुने नकाशे घ्यायचे, आजच्या गावांवर ठेवून बघायचे, आणि काय होतं, काय गेलं त्याची नोंद करायची. घर बघायला आली तेव्हा चहा पिऊन झाल्यावर तिनं पिशवीतून एक गुंडाळी काढली आणि ओसरीवर पसरली. इंग्रजांच्या वेळचा नकाशा, मोठा करून छापलेला. चार कोपऱ्यांवर चार कपबश्या ठेवल्या आणि मला जवळ बोलावलं.

"आजोबा, हे तुमचं बिरोबाचं देऊळ. त्याच्या वर हे बारीक ठिपके आहेत ना, तिथं इंग्रजीत 'ओस गाव' असं लिहिलंय. आणि हा बारका गोल म्हणजे आड. आता काय आहे तिथं?"

"आड हाय."

"तो नकाशात आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, माझं लगीनच त्या गोलावर अडलं हुतं."

ती हसली. मी हसत नाही हे बघून जवळ सरकली आणि म्हणाली, "सांगा ना." मी सुरुवात केली, पण हौसाचं नाव आलं की पुढं सांगवेना. म्हणून लिहून देतोय. कागद काही आपल्या डोळ्यांकडं बघत नाही.

सांगोल्याच्या रानातली आमची माळवस्ती. आमची मेंढक्यांची घरं, दगड-मातीची, पुढं ओसरी, मागं मेंढरांचा वाडा. सकाळी जाग यायची ती आईच्या जात्यानं नाही तर कोकरांच्या ओरडण्यानं. आप्पा अंगणात बसून लोकर कातायचे, तोंडानं काहीतरी पुटपुटत, आणि घोंगडीचा माग चालू असला की त्याचा ठकठक आवाज दुपारभर चालायचा. हौसा माझ्या मामाची पोरगी. मी रांगत होतो तेव्हाच आईनं आपल्या भावाला सांगून ठेवलं होतं की तुला पोरगी झाली तर माझी. त्यामुळं आमच्या दोघांत ठरवायचं असं काही नव्हतंच. जत्रेत दिसली की ती मला जीभ काढून दाखवायची, आणि मी खडा मारायचो. अशी आमची ओळख.

आता आमच्या वस्तीची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. देवळाच्या उत्तरेला, हाकेच्या अंतरावर, दगडांची एक मोठी रास होती. नवी नवरी वस्तीत पाय टाकायच्या आधी त्या राशीपाशी जायची. येताना माहेरच्या शिवारातला एक दगड ओटीत बांधून आणायचा, तो राशीवर ठेवायचा, सासूनं त्याच्यावर तांब्याभर पाणी घालायचं, आणि मगच नवरी घरात. त्या दिवसापासून ती वस्तीची. कुठली बाई वेळापूरकडची, ती तिथला काळा फत्तर आणायची. कुठली नदीकाठची, ती गुळगुळीत गोटा. आईनं आणलेला दगड तांबडा होता, एका अंगाला खपली निघालेला. मला तो लहानपणापासून ओळखू यायचा, कारण आई जाता-येता त्याला नुसता हात लावायची. त्या राशीवर पोरांनी चढायचं नाही, मेंढरू बसू द्यायचं नाही. का, असं एकदा विचारलं तर आई म्हणाली, "बायका ठेवत्यात म्हणून ठेवायचा. तुला काय करायचंय? तुला कुटं ठेवायचाय?"

मग तो मोठा दुष्काळ आला. त्याची वर्षं ज्याला मोजायची त्यानं मोजावीत. मला आठवतो तो आवाज. ओढ्याच्या वाळूत बायकांनी खड्डा केलेला, त्यात झिरपणारं पाणी वाटीनं खरवडून घागरीत घालायचं. वाटीचा खर्र आवाज, मग गप्प बसणं, मग परत खर्र. माझी थोरली चुलती गंगा तिथं बसल्या बसल्या डुलकी काढायची आणि हात मात्र चालूच. खाली गावात विहीर होती, तिला अजून पाणी होतं, पण तिथं आमच्या बायकांची घागर सगळ्यांच्या मागं. "तुमी उपरी माणसं, मेंढरामागनं आलेली. आदी गावाचं भरू द्या," असं तोंडावर म्हणायचे. आम्ही ऐकून घ्यायचो, कारण आम्हालाही तसंच वाटायचं. फिरतीची जात, आज इथं, उद्या तिथं. चुलता निम्मी मेंढरं घेऊन वरच्या मुलखात गेला होता. वाड्यात राहिलेली मेंढरं हाडं घेऊन उभी. आणि आम्ही धडधाकट माणसं खडी फोडायच्या दुष्काळी कामावर.

खायला मिलोची, म्हणजे परदेशातनं आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी. ती थापताना तडकायची आणि खाताना घशात अडकायची. आई त्याच्याबरोबर हुलग्याचं माडगं करायची, पातळ, वर लसणाची फोडणी. कामावर सुकडीचं गोड पीठ मिळायचं ते आम्ही रस्त्यातच बोकणे भरून संपवायचो. आज पोरं पानात अन्न टाकून उठतात तेव्हा मी काही बोलत नाही. बोलून काय उपयोग, त्यांनी मिलो खाल्लेली नाही. हौसा मात्र बोलायची. "ताट पूस बोटानं," म्हणायची, नातू इंजिनिअर झाल्यावरसुद्धा.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मामा आला. बसायला घोंगडी टाकली, आईनं तांब्या दिला. मामानं तोंडाला लावला आणि खाली ठेवला. तांब्यात तळाला बोटभर गाळ.

"आक्का," मामा म्हणाला, "हे पाणी पिताय तुमी?"

"मग काय दूद पितो व्हय?" आई म्हणाली. "तुझ्याकडं तरी काय गंगा व्हातीय?"

"माझ्याकडं हिरीत हाय अजून गुडघाभर." मामा आप्पांकडं वळला. "दाजी, राग मानू नका. शब्द दिलाय तो दिलाय. पर पोरीला वाळू खरवडायला न्हाय लावणार मी. उन्हाळा सरायच्या आत वस्तीला स्वताचं पाणी दिसलं, तर हौसा तुमची. न्हाय तर सोलापुरात गिरणीत एक पोरगं हाय, नळ हाय त्यांच्या दारात. त्यांचा निरोप आलाय."

आप्पा लोकर कातायची चाती फिरवत राहिले. धागा तुटला तरी फिरवत राहिले. आई मात्र उठून आत गेली आणि भांडी आपटायला लागली. आईचं भांडण सगळं भांड्यांवर निघायचं. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा. मला कुणी विचारलंच नाही. मामा गेल्यावर आईनं मला बघितलं आणि म्हणाली, "रडतोस का काय? पाणी जपून वापर."

दुष्काळी कामावर एक ओव्हरसियर होते. बरा माणूस. जीपमधून यायचे, बॉनेटवर नकाशा पसरायचे आणि बांध कुठून कुठं न्यायचा ते बघायचे. नवा नकाशा त्यांना मिळाला नव्हता, म्हणून इंग्रजांच्या वेळचाच वापरत होते. एक दिवस आप्पा तिथं उभे होते, तर साहेब म्हणाले, "तुमच्या माळावर तर जुनं गाव होतं की हो. हे बघा, घरांच्या खुणा. आणि हा आड."

"आड? आमच्या माळावर?" आप्पांना ते खोटंच वाटलं. पण साहेबांनी पातळ कागद ठेवून तेवढा भाग पेन्सिलनं गिरवून दिला. देऊळ, घरांचे ठिपके, आडाचा गोल, आणि कोपऱ्यात एक बाण. "हा बाण उत्तरेचा. कागदाचं डोकं उत्तरेला करायचं, देवळापाशी उभं राहायचं, आणि मग आड कुठं येतो ते बघायचं," असं नीट सांगितलं. मी ऐकलं, आप्पांनी ऐकलं. कुणी ऐकलं नाही असं म्हणायला जागा नाही.

घरी आल्यावर आप्पांनी घोंगडी झाडली, कागद पसरला, बाण बघितला आणि कागद फिरवला. डोकं उगवतीला.

"आप्पा, सायबांनी उत्तरेला सांगितलंय," मी म्हणालो.

"सायबाला काय? त्याचं गाव हाय का? उत्तरेला डोकं मड्याचं असतंय. कागदावर का असंना, गाव हाय ते. देऊळ हाय त्याच्यात. बिरोबाला मड्यागत निजवू व्हय मी?"

"पर मग आडाची जागा..."

"कागद फिरवला म्हणून आड फिरतोय व्हय? देऊळ तितंच, आड तितंच."

खरं सांगतो, मलाही ते पटलं. आमच्याकडं झोपताना उशी फिरवून घेतात, पोराचा पाळणा फिरवून बांधतात. जिवंत माणसाचं डोकं उत्तरेला होऊ नये म्हणून लोक आयुष्यभर जपतात. मग गावाचं का करायचं? डोकं उगवतीला केल्यावर आड आला देवळाच्या पूर्वेला, लवणात, जिथं लिंबाची दोन झाडं होती. जागा बघूनच आप्पा खूश. "बगा, लिंब उगाच उबा ऱ्हायलाय का हितं? मुळाशी पाणी हाय म्हणून." सगळी वस्ती पहार, फावडी घेऊन लागली. नारळ फोडला. दिवसभर खडी फोडून आलेली माणसं परत खणायची. वरची माती गेली, मुरूम लागला, मुरूम गेला, ठिसूळ खडकाचा मांजऱ्या लागला, आणि मग काळा पाषाण. पहार मारली की ठिणगी उडायची. शेवटी आप्पा खड्ड्यात खाली उतरून बसले आणि वर यायलाच तयार होईनात. गंगा चुलती वरून ओरडली, "भावजी, वर या आता! तितंच पुरायचं काय तुमास्नी? डोकं कुटं करायचं ते तरी सांगा!" वस्ती हसली. मी हसलो नाही. उन्हाळा निम्मा झाला होता.

हौसा आणि तिच्या घरचेही त्याच कामावर यायचे. ठरलेल्या पोरीशी बोलायचं नाही, ही रीत, पण खडी फोडताना पाठीला पाठ लागली की कोण बघतंय. सगळीकडं हातोड्यांचा ठणठणाट, त्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येणार. ती पदरानं नाक बांधून बसायची, डोळे तेवढे दिसायचे.

"सोलापुरात नळ हाय म्हणं," मी म्हणालो.

"मग जाऊ?" ती म्हणाली.

"जा की."

तिनं हातोडा खाली ठेवला. "तुजं त्वांड बग आदी. जा की म्हणतंय. काय खणलं, कुटं खणलं ते सांग मला. माजं लगीन हाय, मला कोण कायबी सांगत न्हाय."

मी तिथंच मातीत दाखवलं. एक खडा देवळाचा, एक खडा आडाचा. आप्पांनी डोकं उगवतीला का केलं तेही सांगितलं. ती मान वाकडी करून बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आन् सायबानं सांगितलं तसं केलं असतं तर?" आणि आडाचा खडा उचलून देवळाच्या उत्तरेला ठेवला. "हितं काय हाय?"

मी बघितलं. "दगडांची रास हाय," मी म्हणालो. "नवरीच्या दगडांची."

आमच्या राशीची गोष्ट तिला ठाऊक होती. तिनं स्वतःचा दगड आधीच बघून ठेवला होता, त्यांच्या शेताच्या बांधावरचा, हे मला लग्नानंतर कळलं. थोड्या वेळानं तिनं हातोडा उचलला आणि म्हणाली, "आत्याला तू सांग. मी सांगितलं तर म्हणंल, यायच्या आदीच घर मोडाय निगाली."

मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिनं परातीतला हात काढला, तसाच पिठाचा हात घेऊन चालत गेली आणि जाऊन राशीपाशी बसली. वस्तीतल्या बाकीच्या बायका एकेक करून आल्या आणि तिच्या बाजूला बसल्या. आप्पा आले, चार गडी आले, पण लांब उभे राहिले. त्या राशीला गड्यांनी हात लावायचा नसतो.

"आगं, पाणी असंल खाली," आप्पा म्हणाले.

"लिंबाखालीबी हुतं की तुमचं पाणी."

"तवा कागद चुकला."

"कागद न्हाय चुकला, तुमी चुकला. आता आमच्या दगडांवर आलाय व्हय?" आईनं आपल्या तांबड्या दगडावर हात ठेवला. "माझ्या बापानं मला दुसरं काय दिलं नव्हतं. ह्यो दगड दिला. ह्यो ठेवला आन् मी हितली झाले. ह्यो उचलल्यावर मी कुटली?"

एवढी कडक बाई, तिचा आवाज चिरला होता. आता म्हातारपणी मला कळतं की तिची किती ओढाताण होती. एका अंगाला भावाचा शब्द आणि माझं लग्न, दुसऱ्या अंगाला तो एक दगड. तेव्हा मला एवढंच कळत होतं की आई अडवून बसलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा आली. ठरलेल्या पोरीनं लग्नाआधी सासरच्या वस्तीत पाय टाकणं म्हणजे आमच्याकडं तमाशा. बायकांनी तोंडाला पदर लावले. तिनं कुणाकडं बघितलं नाही. सरळ राशीपाशी आली आणि आईच्या समोर उभी राहिली.

"आत्या, मी एकच इचाराय आलेय. माजा दगड बगून ठेवलाय मी. त्यो हितं आणायचा का सोलापूरला न्यायचा?"

आई तिच्याकडं बघत राहिली. "बापाला इचारून आलीस?"

"न्हाय."

"मार बसंल."

"बसू दे. पर सांगा."

मग आईनं गंगा चुलतीकडं बघितलं, आणि दोघींचं काय झालं कोण जाणे, चुलतीनं मान हलवली. आई उठली. कमरेला पदर खोचला. "गड्यांनी हात लावायचा न्हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "जिचा दगड तिनंच उचलायचा. जी मेली तिचा तिच्या सुनंनं. आन् टाकायचा न्हाय. वळीनं मांडायचा." आणि वाकून तिनं आपला तांबडा दगड उचलला, लेकरू उचलावं तसा छातीशी धरला, आणि बाजूला नेऊन ठेवला.

मग जे झालं ते मी आयुष्यात परत बघितलं नाही. बायका एकेक दगड उचलत होत्या आणि सांगत होत्या. ही माझी सासू, महूदकडची. ही तिची जाऊ, नदीकाठची. ही सासूची सासू, तिचं माहेर कर्नाटकात, कानडी बोलायची, तिचं मराठी ऐकून पोरं हसायची. मला वाटत होतं आमची माणसं कुठली, हे कुणालाच ठाऊक नाही. इथं तर सगळं सांगत होत्या, कुठल्या वाटेनं कोण आलं, कुठला ओढा, कुठला डोंगर. ओव्हरसियर साहेबांच्या नकाशात आमच्या वस्तीचं एक नावसुद्धा नव्हतं. ह्या बायकांकडं सगळी नावं होती.

खाली खाली गेल्यावर मात्र असे दगड लागले की ते कुणालाच सांगता येईनात. माती चढलेले, शेवाळ वाळून काळे झालेले. आई थांबली. "हे कुणाचं?" गंगा चुलतीलाही माहीत नाही. सुनांच्या सुना संपल्या, पण दगड संपले नव्हते. कुणी हात लावायचा? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"हे मी उचलते," हौसा म्हणाली. "मी अजून कुणाचीच सून न्हाय."

आईनं बाजूला होऊन तिला जागा दिली. ज्या बायकांची नावं कुणाला राहिली नव्हती त्यांचे दगड हौसानं एकटीनं उचलले. ऊन चढलं, तिचे हात सोलवटले, तरी कुणाला हात लावू दिला नाही. मी लांब उभा राहून बघत होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. ही सोलापूरला गेली तर आपलं काही खरं नाही, असं वाटलं. त्याआधी मला नुसता अपमान वाटत होता.

राशीच्या तळाला लांब शिळा लागल्या. घडीव, एकीला एक लावून बसवलेल्या. आता गड्यांना बोलावलं. पहारी घालून एक शिळा सरकवली तर खाली काळोख, आणि त्यातून गार हवा आली. त्या उन्हात ती हवा अंगावर आली तेव्हा सगळेच एक पाऊल मागं सरले. आप्पा पालथे पडून आत बघत राहिले.

"बुजवलेला न्हाय," ते म्हणाले. "झाकलाय. नीट झाकलाय. जाताना झाकून गेल्यात. परत यायचं हुतं त्यास्नी."

ते कोण, कधी गेले, कशापायी गेले, हे आजही कुणाला ठाऊक नाही. तन्वी म्हणते, शोधू. शोध म्हणावं. मला एवढं दिसतं की ते आले. ते नाही तर त्यांची पोरं आली, आणि आपण इथलेच आहोत हे विसरून आली. गावानं आम्हाला उपरी म्हटलं, आम्ही मान डोलावली. नवरीनं दगड ठेवायचा आणि सासूनं त्यावर पाणी घालायचं, एवढीच त्या पाण्याची खूण बायकांनी धरून ठेवली.

आप्पांनी एक खडा घेतला. सगळ्यांना गप्प केलं. कोकरं ओरडत होती, तिकडं कुणीतरी धावलं. खडा सोडला. खालून आवाज आला, थप्प.

"कोरडाच हाय," कुणीतरी म्हणालं.

"कोरड्यावर पडला तर खणकन वाजतोय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ह्यो थप्प वाजला. चिकूल हाय."

गडी दोराला धरून उतरले. गाळाच्या पाट्या वर आल्या. ओल्या, काळ्या, वास मारणाऱ्या. बायका त्या पाट्यांत हात घालून बघत होत्या, नुसतं ओलं लागतंय म्हणून हसत होत्या. कुणीतरी ढोल काढला. आप्पांनी तो बंद करायला लावला, "आदी पाणी दिसू द्या," म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं घागर सोडली, ती बुडाली, आणि बुडताना तो आवाज आला. तो मी लिहू शकत नाही. ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको.

पाणी फार नव्हतं, खोटं कशाला बोलू. वस्तीला प्यायला पुरलं, एवढंच. मेंढरांना लांबच न्यावं लागायचं. पण वाळू खरवडणं बंद झालं. मामा आला. त्याला लेकीच्या हाताची सालं दिसली होती, त्यामुळं त्याला आधीच सगळं समजलं होतं. आईनं तांब्या पुढं केला. मामानं आत बघितलं, प्याला, परत मागितला.

"गोडं हाय, आक्का."

"मग? पोरगी देतोस का अजून नळ दावतोस?" आई म्हणाली.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी तो पातळ कागद घडी करून पागोट्यात ठेवला होता. मामाला म्हणाले, "पाव्हणं, कागद खरा हुता. मीच गावाला जित्याचं मड्याचं बगत बसलो." पण पुढं आयुष्यभर तो कागद त्यांनी कधी उलगडला की डोकं उगवतीलाच केलं.

उचललेल्या दगडांचा आडाला कठडा बांधला. आईचा तांबडा दगड वर, हात ठेवायच्या जागी. लग्नात हौसानं ओटीतून आणलेला काळा दगड, मधून पांढरी रेघ गेलेला, आईनं त्याच्या शेजारी बसवला आणि वर तांब्याभर पाणी घातलं. ते पाणी त्याच आडाचं. त्यानंतर येणाऱ्या नव्या सुनांचे दगड कठड्यावर बसत गेले. आता वस्तीला नळ आलाय, आडावर जाळी आहे, पाणी कुणी काढत नाही. हौसा मात्र रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायची. मी विचारायचो, काय करतीस तिथं? "काय न्हाय. बसते," म्हणायची. आता मी बसतो. आता मला कुणी विचारत नाही.

इथवर लिहिलेलं वाचून झाल्यावर तन्वीनं तो मोठा नकाशा आमच्या भिंतीला लावून दिला. भिंतीवर उत्तर आभाळाकडं जाते, त्यामुळं आता कुणाची हरकत नाही. जाताना ती दारात घुटमळली.

"आजोबा, मी कुठला दगड आणू? आमच्याकडं शेत नाही. चौथ्या मजल्यावर राहतो. बिल्डिंगखाली सगळे सिमेंटचे ब्लॉक बसवलेत."

"मग त्यातला आण."

"चालेल?"

"तुजं माहेर हाय का न्हाय ते? मग चालतंय."

लग्न लागून ती वस्तीत आली तेव्हा सरळ आडापाशी गेली. ओटी सोडली. तांबूस-करडा सिमेंटचा ब्लॉक, कडा तुटलेला, गाडीच्या चाकाचा डाग तसाच. वरातीतली पोरं फोटो काढत होती. तिनं तो हौसाच्या दगडाला लावून ठेवला. मग पाणी घालायची वेळ आली. घालायचं सासूनं, पण पहिला मान घरातल्या थोरल्या बाईचा. हौसाला आत्या म्हणणारी माझी सून, म्हणजे तन्वीची सासू, तांब्या घेऊन उभी राहिली, कठड्याकडं बघितलं, आणि तांब्या माझ्यापुढं केला.

"आण्णा, आत्यांच्या हातचं हुतं हे. तुमीच घाला."

"गड्यानं घालायचं नसतं," मी म्हणालो.

"आत्यांनी कुटं ऐकली हुती समदी रीत?"

मी पाणी घातलं. निम्मं ब्लॉकवर पडलं आणि निम्मं हौसाच्या दगडावर. ओले झाल्यावर दोन्ही सारखेच काळे दिसले. पोरं पोरीला वाजतगाजत घराकडं घेऊन गेली. मी ते दगड वाळेपर्यंत तिथंच बसलो.